तुळशीखालचं झाकण

जुलैत पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्याजवळ चढायला लागलं की अख्खं कोल्हापूर मोबाईलवर फूट मोजत बसतं. ३९ ला इशारा, ४३ ला धोका. माझ्या धंद्यात धोका त्याच्या बराच आधी सुरू होतो. जमिनीत पाणी भरतं, टाकीतनं बाहेर पडणारं पाणी मुरवायचे शोषखड्डे तुडुंब होतात आणि उपनगरांतल्या घरांत संडास गुळगुळ बोलायला लागतात. माझी मैला उपसायची गाडी आहे, चार हजार लिटरची. लोक तिला काय काय म्हणतात ते इथं लिहीत नाही.

त्या दिवशी सकाळी सातला एका आज्जींचा फोन. फुलेवाडीच्या पुढं त्यांचं बैठं घर. "लेकरा, मागच्या आठवड्यात एकानं सेफ्टी टाकी उपसली, पैसं घेऊन गेला. तीन दिसांत परत तेच. पुण्यासनं लेक, सून, नातवंडं आल्यात. घरात सात माणसं. येतोस का?" (सेप्टिकला आमच्याकडं निम्मे लोक सेफ्टीच म्हणतात. मी दुरुस्त करत नाही.)

गेलो. परसात झाकण उघडंच होतं आणि पाणी काठोकाठ. आज्जींच्या मुलानं आदल्या रात्री ॲसिडच्या दोन बाटल्या ओतल्या होत्या. मी म्हटलं, "साहेब, आत मैला कुजवायचं काम जंतू करतात. त्यांनाच ॲसिड पाजलं तर काम कोण करणार?" ते म्हणाले, मग ती बाजारात मिळते ती जंतूंची पावडर टाकू का, शेजारचे गूळ नि शेण टाका म्हणतात. आमच्याकडं कशातही गूळ घालायची हौस. काही टाकायला लागत नाही. माणसाच्या पोटातनं जंतू रोज जातात ते पुरे असतात.

मी गाडीतनं माझा वेळू काढला. दहा फुटी, खालच्या चार फुटांना जुन्या धोतराचं पांढरं कापड गुंडाळलेलं. तळाला टेकवायचा, जरा वेळ धरायचा, सावकाश वर काढायचा. नुसतं पाणी असेल तिथं कापड ओलं, गाळ असेल तिथं काळं. कापड वीतभरच काळं निघालं.

तिथं मी थांबलो. घर बावीस वर्षांचं. मागच्या आठवड्यापर्यंत टाकी एकदाही उपसलेली नाही. खरं तर दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते, गाळ एक तृतीयांश चढला की वाट बघायची नसते. मग बावीस वर्षांचा गाळ गेला कुठं?

संडासाच्या चेंबरपासून पाइप बघत आलो. पाइप पूर्वेकडनं येत होता आणि झाकण होतं पश्चिमेला. म्हणजे आम्ही दुसऱ्या खोलीच्या तोंडाशी उभे होतो. टाकीत मधे भिंत असते. पहिली खोली दुसरीच्या दुप्पट, मैला आधी तिथं पडतो, गाळ तिथंच बसतो. भिंतीला मध्यावर भोकं असतात, त्यातनं पाणी इकडं येतं, गाळ येत नाही. आधीच्या गाडीवाल्यानं धाकट्या खोलीतलं पाणी ओढून पैसे घेतले होते. मुद्दाम केलं असेल असं म्हणत नाही. दुसरं झाकण त्याला दिसलंच नसेल.

ते कुणालाच दिसत नव्हतं. पहारीनं कोब्यावर ठोकत गेलो. बद्द, बद्द, मग एके ठिकाणी ढब. त्या ढबवर तुळशीवृंदावन.

आज्जी दारात उभ्या होत्या. "ह्यांनी बसवलंय ते," एवढंच म्हणाल्या. मालक जाऊन सहा वर्षं झालेली. मुलगा म्हणाला, दुसरीकडनं भोक पाडता येतं का बघा. पाडता आलं असतं, पण स्लॅबचं काय झालं असतं सांगता येत नव्हतं. मी गप्प राहिलो. आज्जींनी दहा मिनिटं मागितली. हळदकुंकू वाहिलं, तुळस मुळाच्या मातीसकट रंगाच्या रिकाम्या डब्यात लावली आणि म्हणाल्या, "उचला आता."

झाकण सरकवलं तेव्हा सगळ्यांना लांब केलं, विडी-काडी बंद. आत मिथेन असतो, पेट घेतो. वर सायीसारखा वीतभर जाड थर. त्यात केसांचे पुंजके, ओले वाइप्स, पॅड. वेळू तीन फूट काळा निघाला. पाइप घातला तर गाळ ओढेना, नुसती घरघर.

माझ्याकडं तीन महिन्यांपूर्वी लागलेलं पोरगं. त्यानं पँट दुमडली. "मालक, उतरून फोडतो की. दोन मिनिटांचं काम हाय." आज्जींचा मुलगा म्हणाला, "त्याला वर पाचशे देतो." पोरगं काठावर वाकलं आणि म्हणालं, "आता तर वासबी येईना झालाय."

मी त्याची कॉलर धरून मागं ओढलं. जरा जोरातच, शर्टाची दोन बटणं तुटली. सडक्या अंड्याचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाईड. तो नाक बधिर करतो. वास गेला म्हणजे गॅस गेला असं नसतं. आत उतरलेला माणूस ओरडतही नाही, आणि त्याला काढायला दुसरा उतरतो तो त्याच्या अंगावर पडतो. मुलाला सांगितलं, २०१३ चा कायदा आहे, असं माणूस उतरवणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मेला तर घरच्यांना ३० लाख द्यायचे असं सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये सांगितलंय. ३० लाख ऐकल्यावर पाचशेची नोट खिशात परत गेली. पोरगं दिवसभर माझ्याशी बोललं नाही.

मग गाडीतलंच पाणी उलटं जोरात सोडून वरनंच थर फोडला, लांब सळईनं ढवळला, ओढला, परत सोडला. अडीच तास. टाकी कोरडी केली नाही. भोवती जमीन पाण्यानं भरलेली असताना आतनं रिकामी केली की विटांच्या भिंतीवर बाहेरचा दाब येतो. प्लॅस्टिकची टाकी तर वर उचलली जाते.

आज्जींना खरं तेही सांगितलं. गाळाचं काम झालं, पण शोषखड्ड्यात जमिनीचंच पाणी उभं आहे, तिथं माझी गाडी काही करू शकत नाही. जमीन उतरेपर्यंत पाणी कमी जाऊ द्या. वॉशिंग मशीनचा पाइप टाकीत सोडला होता, तो मुलानं स्वतः करवतीनं कापून बाजूला काढला. चहा आला, सोबत भडंग. पोरग्याला आज्जींनी दोन मुठी जास्त दिलं.

दिवाळी झाल्यावर त्यांचाच फोन. "पाणी उतरलंय. शोषखड्डा बघायला येतोस न्हवं? तुळशीच्या लग्नाआधी ये बाबा. वृंदावन कुठं बसवायचं ते तुझ्या वेळवानं मोजून सांग, मग मी मांडव घालते."