दवनोंद : पॅनेल मंजूर, साचा अजून थांबलेला

‘दवनोंद’ या आपल्या यंत्राचं पातं, म्हणजे पानासारखा ओला होणारा सेन्सर, एका पीसीबीवर (सर्किट बोर्डावर) बनतं. असे अनेक बोर्ड एकत्र असलेलं पॅनेल या आठवड्यात मंजूर करून फॅबकडे, म्हणजे बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याकडे, पाठवलं. पहिली बॅच २०० नगांची. यंत्रासाठी आगाऊ वर्गणी भरलेल्या सगळ्यांना शब्द दिलाय तो ऑक्टोबर छाटणीआधी यंत्र बागेत लागण्याचा, आणि तो आजही पाळता येण्यासारखा आहे. यंत्राचा प्लास्टिकचा डबा ओतायचा साचा मात्र मी मुद्दाम थांबवलाय. साच्यासाठी राखलेल्या पैशातला मोठा भाग तपासणीच्या जिगकडे, म्हणजे प्रत्येक नग अडकवून तपासायच्या साधनाकडे, वळवला. हा निर्णय काहींना उलटा वाटेल, म्हणून आज बरंचसं त्याबद्दलच लिहितो.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. ‘दवनोंद’ द्राक्षाच्या मांडवात, पानांच्या उंचीवर बसवायचं यंत्र आहे. पान किती तास ओलं राहिलं आणि त्या वेळी तापमान किती होतं, एवढंच ते मोजतं आणि लोरा या कमी विजेत लांब पोचणाऱ्या रेडिओवरून घरी कळवतं. पोंगा फुटल्यापासून मणी धरेपर्यंतचा काळ डाऊनीचा, म्हणजे केवडा रोगाचा, हे नाशकात कोणाला सांगायला नको. डाऊनीचे बीजाणू पानावरच्या पाण्याच्या पातळ थरातून पोहत पर्णरंध्रापर्यंत जातात. पाणी नसेल तर शिरकाव नाही. पाऊस पडला तर सगळ्यांनाच दिसतो. पण पाऊस नसतानाही दव आणि धुकं पान कित्येक तास ओलं ठेवतात, आणि तेव्हा बागेत कोणी नसतं. पानाखाली नवे बीजाणू तयार व्हायलाही अंधार, जवळपास संपृक्त हवा आणि साधारण १३ अंशांवरचं तापमान असे सलग चारेक तास लागतात. म्हणजे सगळा हिशोब तासांचा आहे. दिंडोरी तालुक्यातल्या ज्या अण्णांच्या बागेत आपले नमुने गेला हंगामभर लटकले होते, ते पहिल्याच भेटीत म्हणाले, “सल्ला द्यायला आमच्याकडं लई जण येतात. तू फक्त पान कधी ओलं झालं अन् कधी वाळलं, तेवढं खरं सांग.” तेव्हापासून यंत्रात दुसरं काही घालायचं नाही हे ठरलं.

पात्याची रचना आता पक्की झाली आहे. एकमेकांत दाते घातलेले तांब्याचे दोन पट्टे आणि त्यावर सोल्डर मास्कचा, म्हणजे बोर्डावरच्या इन्सुलेटिंग लेपाचा, थर. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ८० च्या आसपास, हवेचा १. थेंब बसला की पट्ट्यांमधला कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) वाढतो, आणि तोच आपण मोजतो. तांबं उघडं ठेवून रोध मोजणारी पाती स्वस्त पडतात, पण डीसी दिला की इलेक्ट्रोलिसिसनं तांबं झिजतं, आणि आपल्याकडे त्यावर वरून बोर्डो मिश्रण (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) बसणार. त्यामुळे तो रस्ता बंद. बोर्डाची जाडी ०.८ मिमी घेतली. नेहमीचा १.६ मिमी बोर्ड रात्री पानाइतक्या लवकर गार होत नाही. पृष्ठभाग दवबिंदूखाली गेल्याशिवाय दव पडत नाही, म्हणून जाड पात्यावर ते उशिरा पडतं आणि सकाळी उशिरा वाळतं. दोन्हीकडून तास चुकतात. मास्क पांढरा, म्हणजे उन्हात पातं वाजवीपेक्षा तापत नाही. बसवायचं ४५ अंशांच्या कलानं, तोंड उत्तरेला.

फवारणीनंतर पात्यावर बोर्डोचा निळसर थर राहतोच. तो पुसायला कोणी जाणार नाही आणि जाऊही नये, कारण पानावरही तो थर असतोच. थरामुळे कोरड्या पात्याची नोंदसुद्धा थोडी वर सरकते. म्हणून फर्मवेअर रोज दुपारी, तापमान चढलेलं असताना, कोरड्याची पायारेषा नव्यानं धरतं. दिवसभर पाऊस असेल तर आदल्या दिवशीचीच ठेवतं. हा भाग मला सगळ्यात समाधान देणारा आहे, कारण तो टेबलावर नाही, बागेत उभं राहून सुचला.

आता २०० नगांचा प्रश्न. एक नमुना नीट चालला की आपण खूश होतो, पण एका यंत्राला तुलना करायला दुसरं कोणी नसतं. ज्यांनी वर्गणी भरली त्यातले बरेच जण दोन-तीन प्लॉटमध्ये यंत्रं लावणार आहेत. खालच्या प्लॉटमध्ये पान नऊ तास ओलं आणि वरच्यात सहा, हा फरक जमिनीच्या उताराचा की पात्यांच्या आपापसातल्या फरकाचा, हे सांगता आलं नाही तर यंत्राचा उपयोग संपला. आणि पात्यांमध्ये फरक असतोच. एफआर४ चा, म्हणजे बोर्डाच्या काचतंतू-रेझिनच्या पत्र्याचा, स्थिरांक एका लॉटपासून दुसऱ्या लॉटपर्यंत हलतो, मास्कची जाडी पॅनेलच्या मध्यावर एक आणि कडेला दुसरी येते. शिवाय बोर्डाची कापलेली कड काचतंतू उघडे टाकते आणि तिथून ओल आत झिरपते. बाजारातल्या मातीच्या ओलाव्याच्या स्वस्त सेन्सरमध्ये हे सगळ्यांनी पाहिलं असेल. आपल्या पात्याच्या चारही कडा कॉन्फॉर्मल कोटिंगनं (ओल रोखणाऱ्या पातळ लेपानं) सील होतील, हाताने, ब्रशनं. वेळ जाईल, पण त्याला पर्याय नाही.

म्हणून जिग. प्रत्येक नगाचं कॅलिब्रेशन वेगळं करायचं तर ‘कोरडं’ आणि ‘ओलं’ असे दोन बिंदू हवेत. कोरडं सोपं आहे. ओलं करायला पाणी वापरलं की गणित बिघडतं: भिजवलेला स्पंज दर वेळी वेगळा दाबला जातो, फवारा दर वेळी वेगळा बसतो, आणि पातं वाळेपर्यंत पुढचा नग थांबून राहतो. त्याऐवजी ॲल्युमिनियमच्या पट्टीवर वाहक रबराची चकती बसवली आणि टॉगल क्लॅम्पनं ती पात्यावर एकाच दाबानं टेकवायची व्यवस्था केली. ती पाण्यासारखी नाही, पण दर वेळी तीच आहे, आणि कॅलिब्रेशनला तेवढंच लागतं. चकतीची नोंद आणि खऱ्या पूर्ण ओल्या पात्याची नोंद यांचं नातं काही निवडक पात्यांवर काळजीपूर्वक मोजून घेतलं. त्यातली चांगली पाती गोल्डन सॅम्पल म्हणून बाजूला ठेवली; रोज काम सुरू करताना आधी ती जिगवर चढतील, आणि त्यांची नोंद सरकलेली दिसली तर त्या दिवशी पुढचा नग तपासायचा नाही.

क्लॅम्प खाली आला की खालून पोगो पिन (स्प्रिंगच्या टाचण्या) बोर्डाच्या टेस्ट पॉइंटना टेकतात. फर्मवेअर चढतं, कोरडी नोंद, चकतीची नोंद, तापमान, मग रेडिओचं एक पॅकेट शेजारच्या रिसीव्हरला, आणि शेवटी झोपेतला करंट. हा शेवटचा भाग अवघड गेला. पाठवताना यंत्र कित्येक दहा मिलीअँप घेतं आणि झोपेत काही मायक्रोअँप. करंट मोजायच्या एकाच शंट रेझिस्टरवर दोन्ही मोजता येत नाहीत. मोठ्या शंटला समांतर मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) ठेवला, तो प्रक्षेपणाच्या वेळी शंट बायपास करतो आणि यंत्र झोपलं की बंद होतो, म्हणजे करंट शंटमधूनच जातो. करंट ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर नग नापास, बाकी सगळं उत्तम असलं तरी. बॅटरी तीन महिन्यांत संपणारं यंत्र ऐन हंगामात मुकं होतं.

वीजपुरवठ्याबद्दल काही जणांनी विचारलं होतं. डेव्हलपमेंट बोर्डावर असतो तो एएमएस१११७ रेग्युलेटर स्वतःच ५ मिलीअँपच्या आसपास घेतो, त्यामुळे चिप कितीही गाढ झोपली तरी उपयोग नसतो. आपण रेग्युलेटरच काढला. एसटीएम३२डब्ल्यूएल या चिपमध्ये लोराचा रेडिओ आतच आहे आणि ती १.८ ते ३.६ व्होल्टवर चालते. लिथियम आयर्न फॉस्फेट सेल बहुतेक काळ ३.२ च्या आसपास राहतो. चार्जिंग ३.५ व्होल्टला थांबवलं की सेल थेट जोडता येतो. तोटा एवढाच की या सेलचा व्होल्टेज बराच काळ सपाट राहतो, त्यामुळे तो पाहून चार्ज किती उरला हे कळत नाही. फर्मवेअर खर्चाचा हिशोब स्वतः ठेवतं.

असेंब्लीचं काम नाशकातल्या अंबडच्या एका छोट्या एसएमटी लाइनवर (बोर्डावर यंत्रानं भाग बसवणाऱ्या कारखान्यात) होईल. तिथल्या ताईंनी पॅनेल हातात घेताच सांगितलं, “०.८ चं आहे ना, रिफ्लोच्या भट्टीत मध्ये झोळ पडेल. बाजूची पट्टी रुंद करा आणि आम्ही खाली पॅलेट देतो.” पट्टी वाढवली, तीन कोपऱ्यांत फिड्युशल (यंत्राला जागा ओळखायच्या खुणा) घातले, छोट्या रेझिस्टर-कपॅसिटरचा माल थोडा जास्त मागवला, कारण फीडरला लावताना रीळचं टोक वाया जातंच. पावसाळ्यात एक गोष्ट जास्त जपायची आहे. एमएसएल ३ दर्जाचे (ओलाव्याला नाजूक) भाग पाकीट फोडल्यावर ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेच्या आत १६८ तास चालतात. श्रावणात नाशकातल्या उघड्या शेडमध्ये ६० टक्के कुठून येणार? पाकिटं असेंब्लीच्या दिवशीच फुटतील आणि आर्द्रतेचं कार्ड रंग बदललेलं दिसलं तर आधी बेकिंग.

आता साच्याकडे. सातपूर-अंबडला चांगले टूलरूम आहेत, गाड्यांचे भाग करून हात बसलेली माणसं आहेत, आणि माझं रेखाचित्र पाहून एका काकांनी तासभर बसून शिकवलं: भिंत सगळीकडे सारखी ठेवा, रिब (आधाराची पट्टी) भिंतीच्या साठ टक्क्यांपर्यंतच जाड, नाहीतर बाहेरून खड्डा दिसतो, ड्राफ्ट, म्हणजे साच्यातून सुटायला भिंतीचा कल, एक-दीड अंश तरी द्या, जिथं माप नक्की नाही तिथं साच्यात लोखंड जास्त राहू द्या, ते नंतर काढता येतं, भरता येत नाही. मी विचारलं, पहिल्या २०० साठी साचा करू का? ते म्हणाले, “डिझाइन एक हंगाम बागेत राहिलंय का? नाही ना. मग कशाला घाई करता?” त्यांचं काम असूनही त्यांनी हे सांगितलं, याचा मला फार आदर वाटतो.

म्हणून पहिल्या बॅचला तयार आयपी६५ (धूळ-पाणी रोखणारा) डबा, सीएनसीवर भोकं पाडून. त्याला ईपीटीएफई पडद्याचा (हवा जाऊ देणारा, पाणी अडवणारा) व्हेंट लावतोय. दुपारी डबा तापतो, संध्याकाळी गार होताना हवा आत ओढतो, आणि व्हेंट नसेल तर ती हवा गॅस्केटच्या कडेनं ओल घेऊन शिरते. निफाडकडची थंडी आणि दुपारचं ऊन यांत हे रोज होणार. पात्याचा धारक तेवढा थ्रीडी प्रिंट, एएसए या उन्हाला टिकणाऱ्या प्लास्टिकमध्ये. एबीएस उन्हात पिवळं पडून ठिसूळ होतं.

रेडिओ ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या विनापरवाना पट्ट्यात आहे. डबा बदलल्यामुळे अँटेनाचं मॅचिंग पुन्हा करावं लागलं, आणि मांडवाच्या तारांपासून ती हातभर लांब ठेवणं माहितीपत्रात ठळक लिहिलंय.

पैशांबद्दल. वर्गणीचा हिशोब सगळ्यांना पाठवला आहे. २०१२ साली पेबल घड्याळानं किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर एक कोटी डॉलरहून जास्त गोळा केले, तरीही सप्टेंबरला कबूल केलेली घड्याळं पुढच्या जानेवारीत निघाली. मागणी हजारांवरून कित्येक हजारांवर गेली की कारखान्याची प्रत्येक पायरी बदलते. म्हणून आपण आकडा २०० वर बंद केला आणि नंतर आलेल्यांना पुढच्या हंगामाचं सांगितलं. बागलाणातल्या अर्ली द्राक्षवाल्यांना मात्र स्पष्ट सांगायला हवं: तुमची छाटणी कितीतरी आधी उरकते, या वर्षी यंत्र तुम्हाला वेळेवर मिळणार नाही. ज्यांना वर्गणी परत हवी त्यांना पूर्ण परत मिळेल.

पॅनेल आले की आधी दहा बोर्ड असेंबल होऊन जिगवर चढतील. त्यांच्या कोरड्या-ओल्या नोंदींचा विस्तार पाहूनच बाकीच्यांना हिरवा कंदील. ते दहा नग अण्णांच्या बागेत एकाच ओळीत, शेजारी शेजारी बसवणार आहे. दहाही पात्यांनी एका पहाटेचे तास पंधरा मिनिटांच्या आत सारखे सांगितले तर उरलेले १९० लाइनवर जातील. पुढची नोंद त्या दहा आलेखांसह.