खर्जातला तीव्र मध्यम: जुनी मिडी फाइल नव्या सिंथवर बसवताना

जुनी हार्ड डिस्क आवरताना माझीच एक मिडी फाइल हाती लागली. कॉलेजात असताना कीबोर्डच्या सिक्वेन्सरवर (नोटा क्रमाने नोंदवून ठेवणाऱ्या सोयीवर) रात्री जागून बसवलेली चार मिनिटांची धून, आकार सगळा मिळून ३८ केबी. डबल क्लिक केलं तर कॉम्प्युटरच्या अंगभूत सिंथवर (सिंथ म्हणजे वाद्यांचे आवाज तयार करणारं यंत्र किंवा सॉफ्टवेअर) ती वाजलीसुद्धा. आवाज खेळण्यातल्या बाजासारखा, पण सगळं जागच्या जागी: ठेका, बेस, इलेक्ट्रिक पियानो, बासरी, मागे तंतुवाद्यांची साथ आणि मधल्या भागात मींड घेत जाणारा लीड, म्हणजे मुख्य सुरावट. म्हटलं, हीच फाइल रीपरमध्ये टाकावी, एकेका ट्रॅकवर चांगला सॉफ्टवेअर सिंथ लावावा. एका संध्याकाळचं काम. ते अकरा दिवस चाललं.

(रीपर म्हणजे डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन, कॉम्प्युटरवर संगीत जुळवायचं सॉफ्टवेअर. या प्रकाराला बोलताना सगळे ‘डॉ’ म्हणतात, पण देवनागरीत लिहिलं की कोणी डॉक्टर आल्यासारखं वाटतं. म्हणून मी आपलं रीपरच म्हणते.)

पहिल्या दिवशी फाइल ओढून टाकली. रीपरने काहीतरी विचारलं, मी न वाचता एन्टर मारला आणि प्ले दाबलं. काहीच नाही. नोटांचे ठिपके पडद्यावरून सरकताहेत, मीटर मात्र ढिम्म. हेडफोन काढून घातला, आवाज वाढवला, दुसरं गाणं लावून बघितलं, सगळं ठीक. मग ट्यूब पेटली. मिडी फाइलमध्ये आवाज नसतोच मुळी. कोणती पट्टी कधी दाबली, किती जोरात दाबली आणि कधी सोडली, एवढाच हिशेब असतो. नोटेशनची वही म्हणा ना. डबल क्लिक केल्यावर ती वही वाचणारा सिंथ कॉम्प्युटरकडे तयार होता. इथे ट्रॅकवर मी कोणालाच बसवलं नव्हतं.

सर्ज एक्सटी हा फुकट मिळणारा सिंथ ट्रॅकवर चढवला, एक गुबगुबीत पॅड (लांबवर भरून राहणारा साथीचा आवाज) निवडला आणि पुन्हा प्ले.

आता आवाज आला, पण तो ऐकवत नव्हता. सगळी वाद्यं त्या एकाच पॅडच्या गळ्यातून गात होती, तीही धापा टाकत, नेहमीपेक्षा वेगात. आणि तळाशी खर्जात एक हट्टी घरघर: सा, त्यावर अखंड तीव्र मध्यम, मध्येच एखादा रिषभ. धून माझी, तिच्यात तीव्र मध्यम कुठेही नव्हता, हे मी शपथेवर सांगू शकते. इव्हेंट लिस्ट, म्हणजे फाइलमधल्या सगळ्या हुकुमांची यादी, उघडली. चॅनल १०: ३६, ४२, ४२, ३८, ४२, ४२... पुन्हा ३६. तो माझा ठेका होता! जनरल मिडीत (कोणत्या नंबरला कोणतं वाद्य हे ठरवणाऱ्या संकेतात) दहावं चॅनल तालवाद्यांसाठी राखीव असतं. तिथे ३६ म्हणजे बेस ड्रम, ३८ म्हणजे स्नेअर, ४२ म्हणजे बंद हाय-हॅट. साध्या सिंथला हा संकेत कोण सांगणार? त्याच्या लेखी ३६ हा खालचा सी, ३८ डी आणि ४२ एफ शार्प. सी हा षड्ज धरा, की एफ शार्प बरोबर तीव्र मध्यम. हाय-हॅट अर्ध्या अर्ध्या मात्रेला वाजत होता, म्हणून तो तीव्र मध्यम पिच्छा सोडत नव्हता.

या सगळ्याला थोडा इतिहास आहे. मिडी आलं १९८३ मध्ये. त्या जानेवारीत नॅम या अमेरिकेतल्या वाद्य-व्यापारी संघटनेच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ असे दोन निरनिराळ्या कंपन्यांचे सिंथ केबलने जोडून एकावरून दुसरा वाजवून दाखवला होता. पण ‘कितव्या नंबरला कोणतं वाद्य’ हे ठरायला १९९१ उजाडलं. त्या साली जनरल मिडी आलं आणि १२८ वाद्यांची यादी पक्की झाली. माझी फाइल त्या यादीवर विसंबून लिहिलेली. सर्जसारख्या सिंथचा त्या यादीशी काही संबंध नाही. त्याच्यात जो पॅच (तयार करून ठेवलेला आवाज) उघडा असेल तोच वाजणार.

तेव्हा फाइल पुन्हा आणली, या वेळी प्रश्न वाचून. फाइलमधला टेम्पो घ्यायचा का, असं तो विचारत होता. मी घेतला नव्हता, म्हणून मिनिटाला ९२ मात्रांची धून प्रोजेक्टच्या १२०ने पळत होती. शेवटी लय हळूहळू उतरत जाते, तीही त्या टेम्पोच्या नकाशात होती आणि त्याच्यासकट गेली होती. दुसरं असं, की फाइल टाइप ० निघाली, म्हणजे सगळी चॅनलं एकाच ट्रॅकमध्ये कोंबलेली. टाइप १ असती तर ट्रॅक आयतेच वेगळे मिळाले असते. चॅनलनुसार फोडायची सोय रीपरमध्ये आहे, ती वापरली आणि नऊ ट्रॅक झाले.

इथे एक शहाणपणा केला तो सांगते आणि लगेच एक मूर्खपणा केला तोही सांगते.

शहाणपणा असा, की आधी साउंडफाँट (वाद्यांच्या ध्वनिमुद्रित नमुन्यांचा संच) वाजवणारं एक प्लगइन, म्हणजे रीपरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, घेतलं. त्यात जनरल मिडीचा पूर्ण संच भरला आणि नऊही ट्रॅक त्या एकाच प्लगइनकडे, आपापल्या चॅनलवर, वळवले. असं प्लगइन सोळा चॅनलं एकदम सांभाळतं, चॅनल १० आपोआप ड्रम धरतं आणि फाइलमधले वाद्यबदलाचे हुकूम पाळतं. धून ओळखू यायला लागली. म्हटलं, हा आपला कसोटीचा दगड. नवा सिंथ लावला की याच्याशी ताडून बघायचं.

मूर्खपणा दुसऱ्या दिवशीचा. सुरुवातीला एक बार (मात्रांचा एक गट) रिकामा होता. एकही नोट नाही, नुसती वाट बघायला लावतो, म्हणून तो कापून टाकला आणि बाकीचं पुढे ओढलं. त्यानंतर सगळी वाद्यं पियानो झाली, सगळीच मोठ्याने. तासभर साउंडफाँटला शिव्या घातल्या. मग आठवलं, की कॉलेजात मीच तो बार मुद्दाम रिकामा ठेवला होता, कारण सिक्वेन्सरवाले सगळी मांडामांड तिथेच करतात: सिंथ कोरा करणारा सिस्टिम एक्सक्लुझिव्ह संदेश, प्रत्येक चॅनलचं वाद्य, आवाज, डावं-उजवं. दिसायला तो बार रिकामा, इव्हेंट लिस्टमध्ये त्याच्या शंभराहून जास्त ओळी. तो परत जागेवर आणला. पहिल्या बारमधले हे हुकूम मधूनच प्ले केल्यावर सिंथपर्यंत पोचतीलच असं नाही, हेही तेव्हाच कळलं. काही बिनसल्यासारखं वाटलं की सुरुवातीपासून वाजवून बघायची सवय लावून घेतली.

आता एकेक ट्रॅक नव्या सिंथकडे. बासरी तशीच ठेवायची होती, फक्त दुसऱ्या साउंडफाँटवर. यादीत प्रोग्रॅम ७३ दिसला, प्लगइनमध्ये ७३ निवडला, तर पिकोलो चिरकायला लागली. फाइलमध्ये मोजणी ० पासून असते, त्या प्लगइनच्या यादीत १ पासून होती. बासरी ७४वर. हा एकाचा फरक इतका ठरलेला आहे की वाद्य भलतंच पण शेजारचंच वाटलं, तर आधी एक मिळवून किंवा वजा करून बघावं.

इलेक्ट्रिक पियानोसाठी डेक्स्ड घेतला. यामाहाच्या डीएक्स७ची हुबेहूब नक्कल आणि फुकट. पण पियानो मेल्यासारखा वाजत होता. एफएम पद्धतीच्या (एका कंपनाने दुसऱ्याला बदलून आवाज घडवणाऱ्या) अशा पॅचमध्ये जोराने आवाज नुसता वाढत नाही, त्याचा पोतच बदलतो. हळू दाबलं तर मऊ, जोरात दाबलं तर घंटेसारखी धार. आणि मी तो भाग कॉलेजात एकेक नोट टिपून भरला होता, त्यामुळे सगळ्यांची व्हेलॉसिटी, म्हणजे पट्टी दाबण्याचा जोर, सरसकट १००. साउंडफाँटवर हे खपून गेलं होतं. इथे बसून हाताने बदललं: समेवर ९८-१०५, मधल्या मात्रांवर ७०च्या आसपास, आणि एका तानेच्या टोकाला ११८. रविवारची अख्खी दुपार गेली, पण त्या दुपारचा अजिबात पश्चात्ताप नाही.

तंतुवाद्यांच्या जागी पॅड लावला तर त्याने बाकी सगळ्यांना गिळून टाकलं. फाइलमध्ये त्या चॅनलचा सीसी ७, म्हणजे आवाजाचा कंट्रोलर, ६४वर होता. ६४ म्हणजे १२७च्या निम्मा, पण जनरल मिडीसाठी सुचवलेल्या हिशेबाने तो सुमारे १२ डेसिबल खाली येतो. कित्येक सॉफ्टवेअर सिंथ या सीसी ७कडे ढुंकूनही बघत नाहीत. सीसी ११ची, म्हणजे एक्स्प्रेशनची, तीच गत: साथ हळूहळू भरत येते ती सगळी चढण त्यातच लिहिलेली, आणि सिंथ आपला सपाट. सीसी ७च्या जागी ट्रॅकचा फेडर १२ डेसिबल उतरवला. सीसी ११ मात्र मिडी लर्नने (मिडीचा हुकूम सिंथच्या नॉबला जोडायच्या सोयीने) सिंथच्या आउटपुटच्या नॉबला जोडला, तेव्हा कुठे साथ श्वास घ्यायला लागली. त्यातही एक गोम राहिलीच. पॅडचा अटॅक, म्हणजे स्वर पूर्ण भरायला लागणारा वेळ, दीड सेकंदाचा, आणि काही स्वर पाऊण सेकंदात संपणारे, म्हणजे ते उमलायच्या आतच खुडले जात होते. अटॅक कमी केला.

खरं रडवलं ते लीडने. सिंथ सुरेख, पॅच सुरेख, आणि प्रत्येक मींड बेसूर. सरळ स्वर अगदी सुरात. जिथे स्वर ओढला तिथे तो पोचायच्या आधीच थांबे. आधी वाटलं सिंथचं ट्यूनिंग बिघडलंय. ऑसिलेटर तपासले, डीट्यून शून्य केलं, दुसरा सिंथ लावला. त्याचंही तेच. दोन संध्याकाळी गेल्या आणि मनात यायला लागलं, की कॉलेजात माझे कानच कच्चे होते. पण साउंडफाँटवर तीच मींड बिनचूक लागत होती. म्हणजे कान ठीक, फाइल ठीक.

अखेर तो ट्रॅक म्यूट करून इव्हेंट लिस्ट वरपासून वाचत गेले. त्या ‘रिकाम्या’ बारमध्ये तीन ओळी: सीसी १०१ शून्य, सीसी १०० शून्य, सीसी ६ बारा. पिच बेंडचा (स्वर वर-खाली ओढण्याचा) पल्ला १२ अर्धस्वर ठेव, असा तो हुकूम. पिच बेंड ० ते १६३८३ असतो, मध्य ८१९२. पण त्या आकड्यांनी स्वर किती सरकायचा हे पल्ल्यावर ठरतं. सिंथमध्ये तो बहुतेक वेळा २ अर्धस्वरांचा असतो. माझा हुकूम साउंडफाँटने ऐकला, या दोन्ही सिंथनी कानाआड केला. मी एक पूर्ण स्वर ओढायला ९५५७ लिहिलं होतं. १२च्या पल्ल्यात तो नेमका दोन अर्धस्वर वर जातो, २च्या पल्ल्यात अर्धस्वराचा तिसरा हिस्सा, म्हणजे धड इथला नाही, तिथलाही नाही. सिंथमध्ये बेंड रेंजच्या खान्यात २ होता, तिथे १२ लिहिलं. प्ले. पहिलीच मींड जाऊन अल्लद टेकली.

त्या रात्री ती आठ मात्रांची ओळ मी किती वेळा वाजवली ते सांगत नाही.

बाकीचं भराभर झालं. बेसचा पॅच बनवणाऱ्याने तो मुळातच एक सप्तक खाली लावून ठेवला होता, ट्रॅक १२ अर्धस्वर वर घेतला. ड्रमला सिंथ लावायचा मोह झाला होता. एक प्लगइन लावूनही बघितलं, पण त्याची नोटांची मांडणी वेगळी, आणि उघडा हाय-हॅट (४६) बंद हाय-हॅटने (४२) दाबला जात नव्हता, सी-सी करत राही. ड्रम साउंडफाँटवरच ठेवले. सगळे सिंथ एकदम चालू झाल्यावर आवाज तडतडायला लागला तेव्हा बफर (आवाज एका वेळी जेवढ्या तुकड्याने तयार होतो तो) २५६ नमुन्यांवरून १०२४वर नेला. ४४१०० हर्ट्झला एवढा बफर म्हणजे सुमारे २३ मिलिसेकंद. कीबोर्डवर हाताने वाजवताना ते जाणवतं, तयार फाइल वाजवताना काही फरक पडत नाही. उगाच लहान बफरचा हट्ट धरून कॉम्प्युटरला घाम फोडू नये.

अकराव्या दिवशी रेंडर केलं, म्हणजे सगळ्याची मिळून एक ऑडिओ फाइल काढली, ती फाइल फोनवर घेतली आणि दिवे मालवून ऐकायला बसले. शेवटी लय उतरली, झांज वाजली आणि कात्रीने कापल्यासारखी तुटली. रेंडर शेवटच्या इव्हेंटपाशी थांबला होता. मागून येणारा घुमारा त्याच्या हिशेबातच नव्हता. उठून दिवा लावला, पुढे पाच सेकंदांची शेपूट जोडली आणि पुन्हा रेंडर मारला.