साडेअडतीस टक्के

बीव्हरटन, सोमवार, १५ एप्रिल २०२४

काल सॅक्रामेंटोत हरून पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्स या आमच्या एनबीए बास्केटबॉल संघाचा हंगाम संपला. ८२ सामन्यांत २१ विजय आणि ६१ पराभव. त्यांतला जानेवारीतला एक पराभव ओक्लाहोमा सिटीकडून ६२ गुणांनी झाला आणि मार्चअखेरचा एक मायामीकडून ६० गुणांनी, तेव्हा बोलण्यासारखे पुष्कळ होते. पण आज सकाळी ऑफिसात निघाला तो ऑक्टोबरपासून रोज निघणारा विषयच : संघातल्या नवख्या स्कूट हेंडरसनला शॉट मारता येतो की नाही, आणि येत नसेल तर पुढे काय. मीटिंग सुरू होण्याआधी माझ्या एका सहकाऱ्याने फळ्याच्या कोपऱ्यात हिरव्या मार्करने ‘३८.५’ एवढेच लिहून ठेवले होते, आणि खोलीतल्या कोणालाही त्याचा अर्थ विचारावा लागला नाही. स्कूटने या पहिल्या हंगामात मारलेल्या दर शंभर शॉटपैकी इतके रिंगमध्ये गेले.

हा सहकारी पोर्टलंडमध्येच जन्मला आणि वाढला. डेमियन लिलार्ड ११ हंगाम इथे खेळला, आणि २०१९ मध्ये त्याने ३७ फुटांवरून मारलेला, ओक्लाहोमा सिटीविरुद्धची मालिका तिथल्या तिथे संपवणारा शॉट या सहकाऱ्याने प्रेक्षकांत बसून पाहिलेला आहे. गेल्या वर्षी २२ जूनला संघाने ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, तिसऱ्या क्रमांकावर स्कूटची निवड केली, १ जुलैला लिलार्डने आपल्याला दुसऱ्या संघात पाठवावे अशी मागणी केली आणि २७ सप्टेंबरला तो मिलवॉकीचा झाला. ती तिसरी निवड देऊन एखादा अनुभवी खेळाडू आणला असता तर लिलार्ड राहिला असता, असे माझा सहकारी अगदी मनापासून मानतो, आणि म्हणून स्कूटचा प्रत्येक चुकलेला शॉट त्याच्या लेखी दोनदा चुकतो. त्याचे दुःख मला कळते. मात्र ज्याच्या नावावर हा सगळा हिशेब मांडला जातो तो मुलगा त्या जूनमध्ये १९ वर्षांचा होता, आणि लिलार्डला ठेवायचे की जाऊ द्यायचे हे त्याने ठरवलेले नव्हते, हे मी त्याला आजवर अनेकदा सांगून पाहिले आहे.

हिवाळाभर आमचा वाद एका ठरलेल्या वळणाने जात असे. मी जेसन किडचे नाव काढायचे. १९९४-९५ च्या त्याच्या पहिल्या हंगामात त्याचीही टक्केवारी नेमकी ३८.५ होती आणि तीन गुणांच्या रेषेमागून, म्हणजे लांबून, तर शंभरात २७ शॉटच आत जात. ‘जे’ म्हणजे जंप शॉट, उडी मारून मारलेला शॉट, आणि तो याच्याकडे नाही, म्हणून लोक त्याच्या नावातला ‘जे’ गाळून त्याला ‘एसन’ म्हणत. तोच किड २०१३ मध्ये निवृत्त झाला तेव्हा कारकिर्दीतल्या एकूण तीन गुणांच्या बास्केटमध्ये त्याच्यापुढे फक्त दोघे होते. यावर सहकाऱ्याने किलियन हेजचे नाव घ्यायचे. २०२० मध्ये डेट्रॉइटने त्याला सातव्या क्रमांकावर घेतले, त्याची पहिल्या वर्षाची टक्केवारी ३५.३ होती, तो सुधारेल म्हणून लोक वाट पाहत राहिले आणि याच फेब्रुवारीत संघाने त्याला मुक्त केले. मग मी चॉन्सी बिलप्सकडे वळायचे, कारण तो या हंगामात स्कूटचाच प्रशिक्षक होता, त्याचीही १९९७ मध्ये तिसऱ्या क्रमांकावरच निवड झाली होती, बोस्टनने त्याला पहिला हंगाम पुरा होण्याआधीच देऊन टाकले, आणि २००४ मध्ये डेट्रॉइटला विजेतेपद मिळाले तेव्हा अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला.

आज मी यांतले एकही नाव काढले नाही. फळ्यावरच्या त्या हिरव्या आकड्याकडे पाहताना मला जाणवले की आम्ही दोघे स्कूटविषयी बोलतच नव्हतो. ज्याला जो दाखला सोयीचा तो त्याने उचलायचा, एवढेच सहा महिने चालले होते. किड सुधारला म्हणून स्कूट सुधारेल असे होत नाही, आणि हेज टिकला नाही म्हणून स्कूट टिकणार नाही असेही होत नाही.

दुपारी डबा खाताना मी कागदावर थोडी आकडेमोड केली. तीन गुणांच्या शॉटमध्ये स्कूटची टक्केवारी ३२.५ आहे. संपूर्ण एनबीएची या वर्षीची सरासरी ३६.६ आहे. तो ६२ सामने खेळला आणि सामन्याला साधारण पाच असे शॉट त्याने मारले, म्हणजे हंगामात सुमारे तीनशे. तीनशेमध्ये चार टक्क्यांचा फरक म्हणजे बारा शॉट. ज्या नेमबाजीवरून आम्ही रोज एकमेकांचे डोके खाल्ले, तिच्यात आणि सर्वसाधारण खेळाडूच्या नेमबाजीत अंतर आहे ते पाच सामन्यांत एका शॉटचे. शिवाय फ्री थ्रो त्याने शंभरात जवळजवळ ८२ घातले आहेत. समोर कोणी नाही, घड्याळ थांबलेले, रिंग पंधरा फुटांवर, अशा वेळी हात कसा चालतो हे फ्री थ्रोइतके स्वच्छ दुसरे काही दाखवत नाही. लॉन्झो बॉलच्या पहिल्या हंगामात हाच आकडा ४५ होता. त्याच्या हाताच्या ठेवणीतच दोष होता, त्याला शॉटची सगळी घडी मोडून नव्याने बसवावी लागली, आणि ती बसल्यावर २०२१-२२ मध्ये शिकागोकडून खेळताना तीन गुणांच्या शॉटमध्ये त्याची टक्केवारी ४२ च्या वर गेली. (त्यानंतर गुडघ्याने घात केला आणि या २०२३-२४ च्या हंगामातही तो मैदानावर उतरला नाही. याचे मला फार वाईट वाटते.) स्कूटला घडी मोडण्याची गरज नाही. त्याचा हात चांगला आहे.

मग ३८.५ आले कुठून? हा प्रश्न खरे तर नागपूरहून बाबांनी मला डिसेंबरातच विचारला होता, आणि मी तो कानाआड केला होता.

बाबा सत्तरच्या दशकात सिमेंटच्या कोर्टवर बास्केटबॉल खेळले. त्या वेळी कोर्टवर तीन गुणांची रेषाच नव्हती. एनबीएने ती १९७९ मध्ये आखली आणि आंतरराष्ट्रीय नियमांत ती १९८४ मध्ये आली, तोवर बाबांचे खेळणे संपले होते. त्यांनी आयुष्यात एकही तीन गुणांचा शॉट सामन्यात मारलेला नाही. इथे संध्याकाळी सातला सामना सुरू होतो तेव्हा हिवाळ्यात त्यांच्याकडे सकाळचे साडेआठ वाजलेले असतात. पोह्यांची बशी आणि चहा समोर घेऊन ते टॅबवर सामना लावतात आणि पहिल्या क्वार्टरनंतर मला फोन करतात. मी हिरिरीने तीन गुणांच्या शॉटविषयी बोलत असताना ते मला थांबवून म्हणाले होते, “अगं, लांबचं राहू दे. तो रिंगखाली काय करतो ते पाहिलंस का? पोरगा आत शिरतो सगळ्यांच्या आधी आणि मग आत गेल्यावर काय करायचं ते त्याला हवेत ठरवावं लागतं.”

मी ते तेव्हा जुन्या माणसाचे जुने मत समजून सोडून दिले, आणि त्याबद्दल आज मला अपराधी वाटते, कारण कागदावर दुसरा रकाना मांडल्यावर त्यांचेच म्हणणे बाहेर आले. तीन गुणांचे शॉट बाजूला काढले की उरलेल्या दोन गुणांच्या शॉटमध्येही स्कूट पन्नाशीच्या बराच खाली राहतो, आणि बाकीची लीग तिथे पन्नाशीच्या बरीच वर आहे. गळती तिथे आहे. लेअप, रिंगपाशी घुसून मारलेले छोटे शॉट, जे त्याच्या वेगाच्या मुलाने डोळे मिटून घालावेत असे आपल्याला वाटते, तेच तो चुकवतो.

याचे कारणही बाबांच्या त्या एका वाक्यात आहे. स्कूट सतराव्या वर्षी कॉलेजला न जाता इग्नाइट या संघातून जी लीगमध्ये, म्हणजे एनबीएच्या खालच्या लीगमध्ये, व्यावसायिक म्हणून खेळू लागला. ऑक्टोबर २०२२ मध्ये नेवाडातल्या, योगायोगाने हेंडरसन याच नावाच्या शहरात, व्हिक्टर वेम्बन्यामाच्या फ्रेंच संघाविरुद्ध त्याने २८ गुण केले आणि सामना जिंकला, तेव्हा त्याची पहिली झेप पाहूनच समोरचा माणूस मागे पडत होता. पहिल्या झेपेत सुटायचे आणि पुढचे नंतर पाहायचे, ही सवय त्या वेगानेच त्याला लावली. एनबीएत पहिला माणूस मागे पडतो, पण रिंगखाली दुसरा उभा असतो, त्याचे हात आणखी लांब असतात आणि तो घाई करत नाही. त्यातून या वर्षी आमचा संघ असा की स्कूटला वाट मोकळी करून देणारे कोणी उरलेच नव्हते. पहिल्याच सामन्यात अँफर्नी सायमन्सच्या अंगठ्याला दुखापत झाली आणि तो डिसेंबरात परतला. शेडन शार्पची पुढे शस्त्रक्रिया झाली. स्वतः स्कूट घोट्यामुळे नोव्हेंबरात बाहेर बसला आणि परतल्यावर काही काळ बदली खेळाडू म्हणून उतरला. बाहेरून नेम धरणारे कमी, म्हणून समोरचा बचाव निर्धास्तपणे आत गोळा व्हायचा, आणि हा मुलगा त्या गर्दीत पूर्ण वेगाने शिरायचा.

मार्चमधला एक प्रसंग इथे लिहून ठेवते. मी आणि मुलगी मोडा सेंटरला, आमच्या संघाच्या घरच्या मैदानावर, सव्वा तास आधी पोहोचलो होतो, कारण तिला सराव जवळून पाहायचा होता. ती तेरा वर्षांची आहे, शाळेच्या संघात गार्ड म्हणून खेळते आणि स्कूटचा ‘००’ क्रमांकाचा शर्ट धुवायलाही सहज देत नाही. स्कूट डाव्या कोपऱ्यातून शॉट मारत होता. एक साहाय्यक चेंडू देत होता, कोणी काही बोलत नव्हते, आणि रिकाम्या खुर्च्यांमुळे जाळीचा सळसळ असा आवाज आमच्यापर्यंत येत होता. मुलीने मोजले : लागोपाठ नऊ आत गेले, दहावा रिंगच्या पुढच्या कडेला लागून परतला, आणि त्याने कोणाकडेही न पाहता चेंडूसाठी पुन्हा हात पुढे केले. तासाभराने सामना सुरू झाल्यावर तोच मुलगा त्याच कोपऱ्यात मोकळा सुटला, बचाव करणारा मुद्दाम दोन पावले मागे सरकला, आणि भरलेल्या प्रेक्षागृहाने एकदम श्वास रोखला. त्या रोखलेल्या श्वासात ‘नको’ होते. माझ्या मागच्या रांगेतल्या माणसाने तो शब्द उच्चारलाही, आणि मला लाज वाटते, पण माझ्याही तोंडून मराठीत “नको रे” निघून गेले. स्कूटने शॉट मारला नाही. तो आत शिरला, दोघांच्या मध्ये हवेत अडकला आणि चेंडू हातचा गेला.

माझी मुलगी तेव्हा माझ्याकडे वळून म्हणाली, “आई, त्याने आपलं ऐकलं.” त्याने खरेच ऐकले असेल असे नाही; पण आपल्याच प्रेक्षागृहातले हजारो लोक आपल्या हाताला घाबरतात हे विसाव्या वर्षी कळणे काय असते, याचा विचार मी त्या रात्री गाडी चालवताना घरापर्यंत करत होते. त्या मोकळ्या जागेत त्याने शॉट मारायलाच हवा होता. चुकला असता तरी मारायला हवा होता, कारण तो मारत नाही हे कळले की मागे सरकलेला बचाव मागेच राहतो आणि आतली गर्दी वाढत जाते. लांबचा शॉट त्याला शिकायचा नाही, तो त्याला येतो. तो मारण्याची मुभा मात्र त्याला आमच्याकडून हवी आहे. आतला शॉट त्याला शिकावा लागेल, आणि त्याला वेळ लागेल. माझ्या मते दोन वर्षे. सहकारी एक वर्ष द्यायला तयार आहे, आणि आज त्याने तेवढे कबूल केले तेही माझा दुसरा रकाना पाहून थोडा वेळ गप्प बसल्यानंतर. आकडा त्याने फळ्यावरून पुसला नाही. तो पुसावा असे मीही म्हटले नाही, कारण आकडा खोटा नाही.

रात्री साडेआठला बाबांना फोन लावला. तिथे मंगळवार उजाडून नऊ वाजले होते. मी त्यांची माफी मागून दोन्ही रकाने वाचून दाखवले. माफीकडे त्यांनी लक्षच दिले नाही. मुलीला कॅमेऱ्यासमोर उभे करून त्यांनी तिला हॉलमध्येच जंप स्टॉप करायला लावला, म्हणजे धावत येऊन दोन्ही पायांवर एकदम थांबणे, गुडघे वाकवणे, आणि मग वर पाहणे. लहानपणी त्यांनी माझ्याकडून हे किती वेळा करून घेतले असेल याची गणतीच नाही. तळपायांचा एकच आवाज आला पाहिजे, दोन आले तर पुन्हा. मुलीचे पहिले तीन वेळा दोन आवाज आले. चौथ्यांदा एक आला.

“आता पुढच्या हंगामात एक काम कर,” बाबा मला म्हणाले. “तो टक्का वगैरे तुझ्या ऑफिसातल्या माणसाला मोजू दे. तू एवढंच मोज की एका सामन्यात तो आत शिरून दोन पायांवर किती वेळा थांबतो.”

मुलीच्या जुन्या गणिताच्या वहीत बरीच कोरी पाने उरली होती. त्यांवर तिने पट्टीने रकाने आखले आहेत : तारीख, प्रतिस्पर्धी, किती वेळा आत शिरला, किती वेळा थांबला. ऑक्टोबरपासून ते भरायचे आहेत.