बागेची अवजारं घेताना आणि वापरताना: आधी धार बघा

बागकाम सुरू करायचं म्हटलं की लोक पहिल्यांदा तो सात-आठ वस्तूंचा सेट बघतात, रंगीत मुठी, सोबत छान पिशवी, आणि मला प्रत्येकाला सांगावंसं वाटतं की अहो नका घेऊ, त्यातल्या दोनच वस्तू रोज हातात येतात आणि त्याही पातळ पत्र्याच्या असतात, जरा कडक माती लागली की मानेपाशी वाकल्याच म्हणून समजा. त्याच पैशात एक चांगलं खुरपं आणि एक चांगली छाटणीची कात्री घ्या. कुंड्यांची बाग असेल तर एवढ्यावर भागतं. जमिनीत वाफे असतील तर कुदळ, फावडं आणि दंताळं वाढवायचं, बाकीचं गरज पडेल तसं.

घेताना रंग, ब्रँड वगैरे नंतर, आधी पातं मुठीला कसं जोडलंय ते बघा, कारण अवजार तुटतं ते बहुतेक तिथेच. खुरप्याचं लोखंड मुठीत पार आतपर्यंत गेलंय की नुसतं बोटभर खुपसून चिकटवलंय? ठोकून घडवलेलं पातं आहे की पत्रा कापून वाकवलाय? मग हातात धरून दुकानातच दोन-चार वेळा हवेत चालवून बघा, वजन पेलतं का, मनगट वाकडं होतं का. मनगट सरळ राहिलं पाहिजे, नाहीतर तासाभराने हात बोलायला लागतो. फावड्याचा दांडा आखूड असला तर सगळा भार कमरेवर येतो, म्हणून उंच माणसाने लांब दांड्याचंच घ्यावं.

स्टेनलेस घ्यावं की साधं पोलाद, हा प्रश्न सगळे विचारतात. माझं मत स्पष्ट आहे, कापायच्या अवजाराला कार्बन स्टील, म्हणजे ते साधं पोलाद, आणि उकरायच्या अवजाराला स्टेनलेस चालेल. कार्बन स्टील गंजतं हे खरं, पण धार चटकन घेतं. स्टेनलेसला ओली माती कमी चिकटते, निगा फार लागत नाही, पण घरी धार लावायला ते जास्त त्रास देतं.

आता कात्रीबद्दल जरा जास्त लिहिते कारण सगळ्यात जास्त नुकसान तिच्यामुळेच होतं. कात्री म्हणजे सिकेटर हो, घरातली कागद कापायची नाही. तिचे दोन मुख्य प्रकार, बायपास आणि अ‍ॅनव्हिल. बायपासमध्ये एक धारदार पातं दुसऱ्या बोथट आकड्याच्या बाजूने घासून जातं आणि काप स्वच्छ येतो. अ‍ॅनव्हिलमध्ये पातं सरळ एका सपाट पट्टीवर येऊन आदळतं, म्हणजे कोवळी फांदी चेंगरते. वाळलेल्या काटक्यांसाठी ते ठीक, जिवंत झाडाला मात्र बायपासच. कारण फांदी कापणं म्हणजे झाडाला जखम करणं आहे, ती स्वच्छ असली तर झाड कडेने भरून आणतं, चेंगरलेली असली तर तिथली साल मरते, पाणी धरून राहतं आणि बुरशीला दार उघडं होतं. फांदी वरून मागे वाळत येते ना, त्यामागे बरेचदा बोथट कात्री असते आणि लोक खत कमी पडलं म्हणून खत टाकत बसतात!

धरायची पण एक पद्धत आहे. धारदार पातं झाडावर राहणाऱ्या भागाकडे आणि बोथट आकडा कापून टाकायच्या भागाकडे, म्हणजे जे काही दबायचं ते टाकाऊ तुकड्यात दबतं. डोळ्याच्या, म्हणजे फांदीवर जिथून नवा कोंब फुटतो त्या जागेच्या, साधारण अर्धा सेंटीमीटर वर, किंचित तिरका काप. फांदी दोन सेंटीमीटरपेक्षा जाड असेल तर सिकेटरने झुंजू नका, लॉपर, म्हणजे लांब दांड्यांची मोठी कात्री, घ्या, त्याहून जाड असेल तर छाटणीची करवत. कात्री पिळून पिळून कापली की पाती एकमेकांपासून फाकतात आणि मग कितीही धार लावा, मधे पान अडकायला लागतंच. तार तर अजिबात कापायची नाही तिने. हात लहान असेल तर पूर्ण उघडलेली कात्री आपल्या पंजात मावते का ते बघून घ्या, डावखुऱ्यांसाठी उलट्या पात्याची वेगळी मिळते, आणि बोटं दुखत असतील तर रॅचेटवाली, जी टप्प्याटप्प्याने दाबली जाते. आणि सुटे भाग मिळतात का ते नक्की विचारा. स्वित्झर्लंडची फेल्को कंपनी १९४५ पासून आहे, त्यांच्या कात्र्यांची पाती, स्प्रिंग वगैरे बदलता येतात. सगळ्यांना तेवढी महाग घेणं जमणार नाही, पण निदान नट उघडून पाती वेगळी करता येतील अशी तरी घ्या, रिव्हेट मारून कायमची बंद केलेली नको, कारण ती आतून साफही होत नाही आणि धारही नीट लागत नाही.

धार लावणं अवघड नाही, फक्त घाईचं काम नाही. आधी चीक काढायचा, साबणाच्या गरम पाण्याने नाही निघाला तर टर्पेंटाइनने. मग बायपासच्या पात्याला ज्या बाजूने उतार आहे फक्त त्याच बाजूने, कंपनीने दिलेला कोन तसाच धरून, छोटी कानस किंवा धार लावायचा दगड एकाच दिशेने ओढायचा. मागची सपाट बाजू घासायची नाही, तिथे कडेला जो बारीक पापुद्रा उलटलेला लागतो तेवढा दगड सपाट टेकवून एकदा काढायचा. सपाट बाजूला उतार दिला की दोन पात्यांत फट पडते आणि कात्री गेली. सांध्यात शिवणमशीनचं तेल दोन थेंब. खुरप्याला आणि कुदळीला पण धार लागते बरं का, कात्रीइतकी बारीक नको, पण कानसीने कड उजळली की तण मुळाशी सपकन कापलं जातं आणि जोर निम्मा लागतो.

गंज चढला असेल तर व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवायचं, सकाळी तारेच्या घासणीने घासायचं, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवायचं म्हणजे उरलेलं आम्ल जातं, लगेच कोरडं करून तेल. चार-चार दिवस बुडवून ठेवू नका, व्हिनेगर गंजानंतर चांगलं लोखंडही खायला लागतं. जाता जाता, धनुर्वात गंजामुळे होतो असं अजून खूप जण मानतात, त्याचे जंतू मातीत असतात, त्यामुळे चकचकीत नव्या खुरप्याने खोल लागलं तरी इंजेक्शनचं बघायलाच हवं.

रोगट झाड छाटलं की दुसऱ्या झाडाला हात लावायच्या आधी पातं सत्तर टक्के अल्कोहोलने पुसायचं. ब्लीचनेही जंतू मरतात पण ते पोलाद खातं, म्हणून मी अल्कोहोलच वापरते.

राहिला लाकडी दांडा. ढिला झाला की कुदळ पाण्यात बुडवून ठेवतात, लाकूड फुगतं आणि दोन दिवस घट्ट वाटतं, पण फुगताना ते लोखंडाच्या आत दाबलं जातं आणि वाळल्यावर पहिल्यापेक्षा सैल होतं. त्यापेक्षा लाकडाची नवी पाचर ठोका. वर्षातून एकदा दांडा पॉलिशपेपरने घासून जवसाचं तेल चोळा, मुरलं की जादाचं पुसून घ्या. आणि त्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात कोंबू नका प्लीज, जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि चिंध्यांचा ढीग आपोआप पेटू शकतो. त्या एकेक करून मोकळ्या हवेत पसरायच्या, पूर्ण वाळून कडक झाल्या की मग टाकायच्या.