यानताई: समुद्राकाठचं एक द्राक्षांचं शहर, नाशिकहून बघताना

दिवाळी झाली की आमच्याकडे पफ पॅनेलची, म्हणजे थंड खोल्यांच्या फोम भरलेल्या भिंतींची, कामं एकदम अंगावर येतात. पिंपळगाव, ओझर, दिंडोरी, सगळीकडे द्राक्षाचा सीझन सुरू व्हायच्या आत प्रीकूलिंग आणि कोल्ड स्टोरेज तयार पाहिजे असतं. ह्या पॅनेलच्या आत जो पिवळसर फोम असतो तो दोन ड्रममधला माल एकत्र करून फुलवतात, एक पॉलिओल आणि दुसरा आयसो. आयसो म्हणजे एमडीआय, आणि जगात सगळ्यात जास्त एमडीआय बनवणारी कंपनी आहे वानहुआ, तिचं मूळ गाव चीनमधलं यानताई. एवढ्यावर मी थांबलो असतो, पण पुढे वाचताना कळलं की चीनमधला वाइनचा सगळ्यात जुना मोठा कारखानाही ह्याच यानताईत आहे, १८९२ पासूनचा. द्राक्षं पिकवणारं आणि द्राक्षं थंड ठेवायचा माल बनवणारं एकच शहर! नाशिकच्या माणसाला ह्यात रस वाटणार नाही तर कोणाला. तेव्हापासून मी ह्या शहराबद्दल मिळेल ते वाचतोय आणि आज सगळं एकत्र लिहून काढतोय.

आधी आकाराचं सांगतो, कारण चीनमध्ये शहर म्हटलं की आपला हमखास घोळ होतो. तिथलं "शहर" म्हणजे आपला जिल्हा धरा. यानताईची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत साधारण ७१ लाख निघाली, पण त्यात मुख्य शहर, मग पेंगलाय, लोंगकोउ, चाओयुआन, छीशिया, हाययांग अशी आपल्या तालुक्यांसारखी गावं, आणि शेकडो खेडी आली. आपला नाशिक जिल्हा २०११ ला ६१ लाखांचा होता आणि क्षेत्रफळाने यानताईपेक्षा थोडा मोठाच आहे. म्हणजे निफाड, चांदवड, मालेगाव, कळवण सगळं धरून नाशिक म्हटलं तर जे होईल, साधारण तेवढा तो पसारा. चीनच्या हिशोबात हे मधलं शहर, बीजिंग शांघायच्या आसपासही नाही.

जागा मात्र बघण्यासारखी आहे. शांदोंग प्रांताचा एक मोठा द्वीपकल्प समुद्रात पूर्वेकडे घुसलाय, त्याच्या उत्तर किनाऱ्यावर यानताई. समोर बोहायची सामुद्रधुनी, पलीकडे दालियान, आणि मधे जी बेटांची रांग आहे ती पण यानताईचीच. पूर्वेला कोरिया. अक्षांश साडेसदतीस, म्हणजे थंडी कडाक्याची असणार, पण समुद्रामुळे ती थोडी बोथट होते. समुद्रावरून येणारं गार वारं तुलनेने उबदार पाण्यावरून बाष्प उचलतं आणि हिवाळ्यात इथे बर्फ भरपूर पडतो, तरी चीनच्या आतल्या भागात द्राक्षवेली हिवाळ्यात मातीत गाडून ठेवाव्या लागतात तशी वेळ इथे सहसा येत नाही. द्राक्षवाल्यांना हा फरक किती मोठा आहे ते सांगायला नको, दरवर्षी वेल पुरायचा आणि उकरायचा म्हणजे मजुरीच किती.

इतिहास फार मागे जातो. चीनचा पहिला सम्राट छिन शी ह्वांग इथल्या झीफू बेटावर येऊन गेला होता, अमर व्हायचं औषध शोधायच्या नादात. मग १३९८ मध्ये मिंग राजवटीत समुद्री चाच्यांची खबर द्यायला इथल्या टेकडीवर धुराचा इशारा करणारा बुरूज बांधला. पण ह्या सगळ्या काळात मोठं बंदर हे नव्हतं, मोठं होतं शेजारचं पेंगलाय, तेव्हाचं डेंगचौ. दुसऱ्या अफू युद्धाच्या वेळी १८५८ च्या तहात परदेशी व्यापाराला खुलं करायचं म्हणून नाव डेंगचौचंच लिहिलं गेलं. पण इंग्रजांनी जाऊन पाहिलं तर तिथलं पाणी उथळ, मोठी जहाजं लागेनात, म्हणून त्यांनी यानताई निवडलं आणि १८६१ मध्ये बंदर खुलं झालं. पाण्याच्या खोलीवर दोन गावांचं नशीब ठरलं. बाहेरचे लोक ह्या बंदराला चीफू म्हणायचे, टेकडीवर ब्रिटन, अमेरिका, जपान, डेन्मार्क अशा देशांच्या वकिलाती झाल्या, १८७६ चा चीफू करार इथेच झाला.

आता जे मला सगळ्यात जास्त लागलं ते. तीसेक वर्षं हे बंदर जोरात चाललं, रानटी रेशमाचं कापड, शेंगदाणे, शेवया, सगळा माल इथून जायचा. मग १८९८ मध्ये जर्मनांनी द्वीपकल्पाच्या दुसऱ्या बाजूचं छिंगदाओ भाडेपट्ट्याने घेतलं, तिथे बंदर बांधलं आणि मुख्य म्हणजे तिथून प्रांताची राजधानी जिनानपर्यंत रेल्वे टाकली. १९०४ ला ती पूर्ण झाली आणि आतला माल सरळ छिंगदाओकडे वळला. यानताईचं बंदर होतं तिथेच, व्यापारी तेच, गोदामं तीच, पण माल खेचरावरून डोंगर ओलांडून आणायचा तर परवडणार कसं. यानताईला रेल्वे यायला १९५६ उजाडलं! पन्नास वर्षं एक अख्खं शहर रेल्वेवाचून बसलं. नाशिक–पुणे रेल्वेच्या बातम्या वाचत मोठे झालेल्या आपल्यासारख्यांना ह्यावर वेगळं बोलायची गरज नाही, मला तर खरंच वाईट वाटलं वाचून.

मधल्या काळात शहराने बरंच काही करून बघितलं. बायकांच्या केसांच्या जाळ्या, हेअरनेट, ह्याचं १९१० च्या दशकात चीफू मोठं केंद्र होतं, खेड्यापाड्यातल्या बायका माणसाच्या केसांपासून हाताने गाठी मारून जाळ्या विणायच्या आणि माल अमेरिका युरोपला जायचा. मग तिकडे केस आखूड कापायची फॅशन आली आणि धंदा बसला. दुसरीकडे दुष्काळ आणि तुकड्यातुकड्यांच्या जमिनीला कंटाळून शांदोंगमधले लाखो लोक मंचुरियात मजुरीला जात होते, त्यातले कित्येक इथूनच बोटीत बसले. म्हणजे बंदरातून माल कमी आणि माणसं जास्त जायला लागली.

ह्या सगळ्यात जे टिकलं ते मातीतलं टिकलं, माझं म्हणणं एवढंच आहे. आणि ते सुद्धा आपोआप नाही टिकलं.

झांग बिशी हा दक्षिणेतल्या ग्वांगदोंगचा माणूस, तरुणपणी डच इंडीजला गेला आणि तिथे प्रचंड पैसा कमावला. कंपनी सांगते ती गोष्ट अशी, की १८७१ मध्ये बटावियात (आजचं जकार्ता) एका फ्रेंच वाणिज्यदूताने त्याला सांगितलं, आमचे सैनिक यानताईला तळ ठोकून होते तेव्हा तिथल्या रानद्राक्षांची त्यांनी वाइन केली होती, चांगली झाली होती. हे त्याने डोक्यात ठेवलं आणि वीस वर्षांनी, १८९२ मध्ये, चांगयू कंपनी काढली. युरोपातून शंभराहून जास्त जातींची रोपं आणली आणि त्यातली पुष्कळशी मेली. मग त्यांनी काय केलं, तर ईशान्य चीनमधल्या रानद्राक्षाचा खुंट घेतला, जो थंडी सोसतो, आणि त्यावर युरोपची कलमं बांधली. आपल्याकडे डॉगरिजच्या खुंटावर थॉमसन जातीचं कलम भरतात तेच की हे! आपण पाण्याच्या ताणासाठी आणि खारवट जमिनीसाठी करतो, त्यांनी थंडीसाठी केलं. दिंडोरीतला कुठलाही बागायतदार हे वाचून मान हलवेल.

चांगयूच्या वाइन मुरवायच्या तळघराचं काम तर ऐकण्यासारखं आहे. १८९४ ला खोदायला घेतलं, सात मीटर खोल, समुद्र शंभर मीटरवर सुद्धा नाही. विचार करा, खणायला लागलं की पाणी. एकदा बांधलं ते टिकलं नाही, मग लोखंडी तुळया टाकल्या तर त्या ओलीने गंजल्या, शेवटी दगडाच्या कमानी आणि सिमेंट वापरून १९०५ ला पूर्ण झालं. अकरा वर्षं एका तळघराला. वाइन बनवायला ऑस्ट्रियाचा बॅरन फॉन बाबो होता. रीतसर विक्री सुरू व्हायला १९१४ साल आलं आणि १९१५ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या पनामा प्रदर्शनात त्यांच्या ब्रँडीला सुवर्णपदक मिळालं. झांग बिशी १९१६ ला गेला. म्हणजे त्याने बावीस वर्षं नुसते पैसे घातले आणि फळ बघायला जेमतेम दोन वर्षं मिळाली. ते तळघर आजही वापरात आहे, लोक बघायला जातात, आत मोठाले ओकचे पिंप आहेत. आपल्याकडे सुलाची पहिली वाइन २००० साली आली, सरकारचं वाइन धोरण २००१ चं, त्या मानाने आपण अजून कोवळे आहोत आणि आपल्याकडच्या छोट्या वायनऱ्या चार वर्षांत नफा नाही म्हणून बंद पडतात तेव्हा मला हे तळघर आठवतं.

सफरचंदाची कथा पण अशीच. नेव्हियस नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याने १८७१ मध्ये अमेरिकेतून रोपं आणून इथे बाग केली, तिथून ती आसपास पसरली. आता छीशिया तालुका म्हणजे सफरचंदच सफरचंद, बहुतेक फुजी जातीचं. झाडावर असतानाच प्रत्येक फळाला हाताने कागदी पिशवी घालतात आणि तोडणीच्या थोडं आधी काढतात, म्हणजे रंग एकसारखा लाल चढतो. आपण पिंक बेरी होऊ नये, म्हणजे हिरवे मणी गुलाबी पडू नयेत, म्हणून द्राक्षाच्या घडांना पेपर लावतो ना, तीच मेहनत, फक्त एकेका फळाला! फोमच्या पांढऱ्या जाळीत गुंडाळलेलं मोठं चायना सफरचंद आपल्या मार्केटमध्ये कुठल्याही गाड्यावर दिसायचं ते तुम्हाला आठवत असेल, २०१७ मध्ये कीड सापडते म्हणून सरकारने चीनची सफरचंद आणि पेअर बंद केली. चीनमध्ये यानताईच्या सफरचंदाला आजही भाव आहे.

मुगाच्या स्टार्चच्या पारदर्शक शेवया पण इथल्याच, होतात मुख्यतः चाओयुआनला पण लोंगकोउ बंदरातून जायच्या म्हणून नाव लोंगकोउचं पडलं. आणि त्याच चाओयुआनच्या जमिनीखाली सोनं आहे, चीनमध्ये सोन्याची राजधानी म्हणतात त्याला. सोन्याची दुसरी बाजू पण सांगितली पाहिजे. जानेवारी २०२१ मध्ये छीशियाच्या एका खाणीत स्फोट झाला आणि २२ कामगार खाली अडकले, सहाशे मीटरच्या आसपास. बातमी वरच्या अधिकाऱ्यांना कळवायला एका दिवसाहून जास्त उशीर केला गेला. आठवड्याने वरून मारलेल्या बोअरच्या पाइपवर खालून ठोकल्याचा आवाज आला, मग कामगारांनी चिठ्ठी वर पाठवली, त्याच भोकातून जेवण आणि औषधं सोडली, आणि चौदाव्या दिवशी ११ जण जिवंत वर आले. बाकीचे नाही आले. शहराच्या श्रीमंतीचा हिशोब मांडताना हे वगळून चालत नाही.

श्रीमंती मात्र खरी आहे. १९८४ मध्ये चीनने १४ किनारी शहरं परदेशी गुंतवणुकीला खुली केली त्यात यानताई होतं, आणि तिथून गाडी सुटली. वानहुआची सुरुवात १९७८ मध्ये कृत्रिम चामड्याच्या कारखान्यातून झाली, आता तिचा एमडीआय फ्रिजपासून बुटाच्या तळव्यापर्यंत सगळीकडे आहे. समुद्रातल्या तेलविहिरींचे प्लॅटफॉर्म इथे बांधतात, त्यासाठी ताइसुन नावाची क्रेन आहे, २००८ मध्ये तिने २०,१३३ टन उचलून विक्रम केला. हाययांगला अणुवीज केंद्र आहे आणि २०२१ पासून त्या अख्ख्या गावाची घरं हिवाळ्यात त्याच्याच उष्णतेवर गरम होतात, कोळशाचे बॉयलर बंद झाले. २०२३ मध्ये यानताईचं उत्पन्न एक लाख कोटी युआनच्या वर गेलं, म्हणजे रुपयात साधारण १२ लाख कोटी, आपल्या अख्ख्या महाराष्ट्राच्या पाव हिश्श्याहून जास्त. आणि लोकसंख्या आपल्या एका जिल्ह्याएवढी.

वाइनचं मात्र सध्या अवघड आहे. पेंगलायच्या टेकड्यांवर फ्रान्सच्या लाफित ह्या नामांकित वाइनवाल्यांनी पायऱ्यापायऱ्यांची बाग केली, त्यांची लोंग दाय वाइन २०१९ ला बाजारात आली, नाव झालं. पण गेली दहाबारा वर्षं चीनमध्ये देशी वाइनचं उत्पादन घसरतच चाललंय आणि कौतुक वायव्य चीनमधल्या निंगशियाच्या कोरड्या पट्ट्याचं जास्त होतं. कोरडं म्हणजे रोग कमी. यानताईला जुलै-ऑगस्टमध्ये, नेमका माल पक्व व्हायच्या वेळी, पाऊस येतो आणि डाऊनी (केवडा रोग), कूज सगळं मागे लागतं. आपण निदान एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी करून मोसमी पाऊस चुकवतो, त्यांना थंडीमुळे ती सोय नाही, वर्षात एकच पीक आणि ते पावसाच्या तोंडी. गेल्या काही वर्षांत अवकाळीने आपलीही सोय काढून घेतली आहे म्हणा. यानताईचा आणि दिंडोरीतल्या मोहाडीचा बागायतदार एकत्र बसले तर क्रेन आणि अणुवीज राहिली बाजूला, पहिल्या पाच मिनिटांत विषय फवारणीवर येईल, तू कधी मारलंस, किती दिवसांनी परत मारलंस, आणि पावसाने धुऊन गेलं तर मग काय केलंस.