प्रार्थना शिकताना: आधी उसने शब्द

प्रार्थना आपोआप येते, असं मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चच्या लोकांत, पुष्कळ जण धरून चालतात. येशूच्या शिष्यांना ती येत नव्हती. ‘आम्हांला प्रार्थना करायला शिकवा’ अशी विनंती त्यांच्यातल्याच एकाने त्याला केली (लूकचं शुभवर्तमान, अध्याय ११), आणि ती माणसं लहानपणापासून बायबलमधली स्तोत्रं ऐकत वाढलेली. तेव्हा बाप्तिस्मा, दृढीकरण (मोठेपणी विश्वास पक्का करण्याचा विधी) सगळं होऊनही प्रार्थनेला बसल्यावर शब्द सुचत नसतील तर लाजायचं कारण नाही. माझा अनुभव असा, की उसन्या शब्दांनी सुरुवात करावी. स्वतःचे मागून येतात.

आधी जागा. येशू म्हणतो खोलीत जा, दार लाव (मत्तय ६:६). सोलापुरात दोन खोल्यांचं घर, शेजारी यंत्रमागांचा खडखडाट, त्यात वेगळी खोली कुठली? मी भिंतीकडे तोंड करून बसते, मोबाइल दुसरीकडे ठेवते आणि पुटपुटत बोलते. मनातल्या मनात केलेली प्रार्थना मागांच्या आवाजात हरवते, ओठांवर आलेली टिकते. उन्हाळ्यात पहाट बरी, नंतर पत्रा तापतो. नळाला पाणी यायचा दिवस असेल तर वेळ आदल्या रात्रीच बदलावी, नाहीतर अर्धा जीव हंड्यांत. सुरुवातीला पंधरा मिनिटं बास. पहिल्याच आठवड्यात तासभर बसायचं ठरवणारे पुढच्या आठवड्यात बसतच नाहीत.

प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली, आपल्याला इतकी पाठ, की अर्ध्या मिनिटात उरकते. तीच दहा मिनिटांत म्हणायची. एक ओळ म्हणायची, थांबायचं, त्यात आपलं काही घालायचं. मत्तयातला क्रम बघा: आधी पित्याचं नाव, राज्य, इच्छा, मग आपली भाकर, ऋण, परीक्षा. आपण उलटीकडून सुरू करतो, नोकरी, दुखणं, मुलीचं लग्न, आणि दोन मिनिटांत विषय संपतात. भाकरीच्या ओळीवर मात्र नेमकं मागावं. ‘सर्वांना आशीर्वाद दे’ ही मागणी पुरी झाली की नाही, कळणार कसं? लूकमध्ये ही प्रार्थना शिकवल्यावर लगेच मध्यरात्री मित्राचं दार ठोठावणाऱ्याचा दाखला येतो. तो मोजून तीन भाकरी मागतो. घरभाड्याला चार हजार कमी पडत असतील तर चार हजार म्हणावं.

खरी अडचण पुढच्या ओळीवर. ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ हे म्हणताना जीभ पुढे जाते, मन जात नाही. प्रार्थना शिकवून झाल्यावर येशू याच ओळीवर पुन्हा बोलतो (१४, १५ वी वचनं). इथे माणसाचं नाव घ्यायचं: वाटणीवरून अबोला धरलेले भाऊजी, उसने घेऊन न दिलेली मैत्रीण. सोडवत नसेल तर ‘सोडायची इच्छा दे’ एवढंच म्हणावं. खोटं बोलून पुढे सरकण्यापेक्षा ते बरं.

उरलेल्या पाच मिनिटांत एक स्तोत्र. तारखेचा हिशेब सोपा आहे: ७ तारखेला ७, ३७, ६७, ९७, १२७ यांतलं जे भिडेल ते, मोठ्याने. २९ तारखेच्या रांगेत ११९ वं येतं. त्याची १७६ वचनं आहेत, ते ३१ तारखेसाठी राखावं. पाचही वाचली तर महिन्यात सगळी दीडशे होतात, पण नवशिक्याने त्या भरीला पडू नये. स्तोत्रांचा मोठा फायदा म्हणजे तक्रार करायची मुभा मिळते. १३ वं ‘कोठवर’ असं विचारत सुरू होतं आणि गाण्यावर संपतं. ८८ वं तर अंधारातच संपतं, तरी ते शास्त्रात आहेच. कोरडे दिवस येतात तेव्हा हीच कामी येतात.

मन भटकणारच. गॅस संपला, फी भरायची राहिली. त्याच्याशी झगडू नये. जो विचार आला त्याचीच एका वाक्यात विनंती करावी आणि सोडलेल्या ओळीवर परत यावं. मध्यस्थीसाठी, म्हणजे दुसऱ्यांसाठी मागायला, साधी वही: तारीख, नाव, मागणी, आणि उत्तरासाठी एक रिकामा रकाना. रोज पाचच नावं, वार वाटून. रकाना रिकामा राहिला म्हणून नाव खोडू नये. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातला ‘काटा’, म्हणजे छळणारं दुखणं, निघावं म्हणून तीनदा विनंती केली, तो निघाला नाही; ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ हे उत्तर आलं (२ करिंथ १२). असं उत्तर मिळालं तर तेही त्याच रकान्यात लिहावं.

कुणाच्या घरी जमून होणाऱ्या घरगुती प्रार्थनेत आपली पाळी आली की घाम फुटतो, कारण आधीच्या बाईंनी दहा मिनिटं घेतलेली असतात. त्यांच्या मागे धावू नये. दर दोन शब्दांना ‘प्रभू, प्रभू’ येऊ लागलं की समजावं, सांगायचं संपलंय. कोणासाठी, काय हवं, येशूच्या नावात मागते, आमेन: तीन वाक्यं पुष्कळ झाली. आणि ‘प्रभू, अमक्यांचा मुलगा दारू पितो, त्याला सोडव’ हे त्या घरच्यांनी सांगितल्याशिवाय चारचौघांत बोलू नये. ते नाव वहीत.