रापलेलं नाक आणि अडलेलं तेरावं प्रकरण

सुट्टीवरून येऊन तीन दिवस झाले होते. नाकाची सालपटं निघत होती, बॅगेच्या कोपऱ्यांतून वाळू गळत होती आणि कादंबरीची फाइल उघडायची हिंमत होत नव्हती. जाताना मोठ्या हौसेने वही नेली होती. 15 दिवस समुद्राकाठी, भरपूर ऊन, भरपूर वेळ. वहीत उतरलं काय, तर साडेतीन ओळी आणि सनस्क्रीनचा एक तेलकट डाग.

चूक निघण्याआधीच झाली होती. आवराआवरीच्या धांदलीत बारावं प्रकरण मी नीट संपवून टाकलं. पुढे काय घडणार हे ठाऊक असतानाच दिवसाचं लिखाण थांबवावं, असं अमेरिकन लेखक हेमिंग्वेने 1935 साली सांगून ठेवलंय. तो सल्ला मी लिहिणाऱ्या मैत्रिणींनाही ऐकवत असते! तरी घराला कुलूप घालावं तशी प्रकरणाला कडी घातली आणि गेले. परत आले तर आत शिरायला फटच नाही. नायिकेचं आडनाव काय ठेवलंय, तेसुद्धा शोधावं लागलं.

चौथ्या दिवशी सगळे 41 हजार शब्द छापून काढले आणि पेन्सिल मुद्दाम दुसऱ्या खोलीत ठेवली. हातात पेन्सिल असली की मी पहिल्या तीस पानांतल्या स्वल्पविरामांशीच खेळत बसते. नुसतं वाचायचं, एवढंच ठरवलं होतं.

चौथ्या प्रकरणात अडखळले. भर दुपारी नायिका किनाऱ्यावर येते आणि मी लिहिलंय: ‘सोनेरी उन्हात न्हालेली वाळू’. दोन ओळींनी ‘लांबवर पसरलेल्या सावल्या’. वाचून कानकोंडी झाले. दुपारचं ऊन सोनेरी नसतं हो! ते पांढरंफटक असतं. वाळूकडे बघवत नाही, रंग धुऊन निघाल्यासारखे दिसतात, आणि सावली म्हणाल तर पायाशी गोळा होऊन बसलेली. सोनं येतं ते सूर्य खाली उतरल्यावर. तेव्हा किरणांना हवेतून लांबचा पल्ला काटावा लागतो, निळा प्रकाश वाटेत विखरून जातो आणि पिवळा-तांबूस तेवढा आपल्यापर्यंत पोचतो. म्हणजे एकतर माझी नायिका चुकीच्या वेळी आली होती, नाहीतर लेखिकेने ऊन कधी पाहिलंच नव्हतं. दुसरंच खरं. ते ऊन मी कुठल्यातरी कॅलेंडरवरून उचललं असणार.

विशेषण बदलून भागलं असतं. पण त्याच प्रसंगात ती पाण्याजवळ उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा दुरून ओळखते, आणि पुढची आठ प्रकरणं त्या ओळखीवर उभी आहेत. सुट्टीत एका दुपारी मी स्वतः एका अनोळखी गृहस्थांना जोरजोरात हात केला होता. मागे चकाकतं पाणी असलं की समोरचा माणूस नुसता काळा आकार दिसतो. जवळ आल्यावर दोघंही ओशाळलो. मग नायिकेला तरी चेहरा कसा दिसला? समजा, तिचीही गफलत झाली असेल तर?

बाराव्या प्रकरणाची कडी तिथे निघाली. कारण मग शेवटी ती ज्याच्यावर विश्वास टाकते, तो त्या दिवशी किनाऱ्यावर नव्हताच.

हे सुचलं म्हणून लगेच लेखणी धावली, असं मात्र झालं नाही. टपाल खात्यातली नोकरी सांभाळून लिहिणारा इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलोप समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला 250 शब्द लिहायचा. मी दिवसाला 250 ठरवले. पहिल्या दिवशी 90 झाले, त्यातले 60 खोडले. मग बाराव्या प्रकरणाचं शेवटचं पान जसंच्या तसं पुन्हा टाइप केलं. वेळेचा अपव्यय वाटेल, पण माझ्याच वाक्यांची लय बोटांत परत आली ती त्यानेच. आठव्या दिवशी 400 शब्द झाले, तेही न मोजता.

तोवर नाकाला नवी कातडी आली होती. चौथं प्रकरण आता पांढऱ्या उन्हात घडतं आणि ‘न्हालेली’ हद्दपार आहे.

काल रात्री तेराव्या प्रकरणात, नायिकेने ज्याच्यावर विश्वास टाकला तो माणूस तिला सगळं सांगायला तोंड उघडतो, तिथे फाइल बंद केली. पहिलं वाक्य तो काय बोलणार, ते मला माहीत आहे. लिहिलेलं नाही.